ससाण्याला रस्ता कोण दाखवतं?

माझा मावसभाऊ बारक्या. वय बावीस, उंची सहा फूट, पण घरात सगळ्यांत धाकटा म्हणून अजूनही बारक्याच! तर हा बारक्या गेल्या जुलैत तासगावहून पुण्यात आला. हिंजवडीत पहिली नोकरी, कर्वेनगरात पाच पोरांनी मिळून घेतलेला फ्लॅट आणि मावशीनं शेंगदाण्याची चटणी ठासून भरलेली सॅक. तो पोचायच्या आधी मावशीचा फोन पोचला. "अगं, तू दहा वर्षं झाली तिथं आहेस. त्याला जरा रस्ते दाखव."

मी म्हटलं, "मावशी, टेन्शन नॉट! आजकाल रस्ते माणसं दाखवत नाहीत, मोबाईल दाखवतो." आणि थोरली बहीण म्हणून माझं कर्तव्य मी पार पाडलं. म्हणजे काय केलं? त्याला फ्लॅटचं लोकेशन पाठवलं. सोबत एक स्मायली. विषय संपला!

तिसऱ्याच आठवड्यात बारक्या हरवला. ऑफिसातून उशिरा निघाला, बस पकडली, खिडकीला डोकं टेकवलं आणि जाग आली ती कात्रजला. मोबाईलची बॅटरी डेड. नंबर एकाचाही पाठ नाही (तुम्हाला किती पाठ आहेत? खरं सांगा!). वर पाऊस, आणि रिक्षावाला सांगेल तो आकडा. साहेब चालत निघाले, तेही उलट्या दिशेनं. फ्लॅटवर पोचला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते.

मला हे कळलं थेट ऑक्टोबरात, तेही वेगळ्याच संदर्भात. "ताई, मी नोकरी सोडतोय. जातो परत गावाकडं." का रे बाबा? पगार? बॉस? "तसं काय नाही. पण इथं मी नक्की कुठं आहे, तेच मला कळत नाही."

मी त्याला फोनवर ठरावीक चार डायलॉग ऐकवले. सगळ्यांचं असंच होतं, सवय होते, वगैरे वगैरे. फोन ठेवल्यावर मात्र काहीतरी टोचत राहिलं. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी एका मित्राबरोबर लोणावळ्याला पक्षी बघायला जायचं ठरलं, तेव्हा बारक्यालाही गाडीत कोंबलं. म्हटलं, तेवढीच हवापालट!

हा मित्र सोमवार ते शुक्रवार बँकेत असतो आणि शनिवार-रविवार दुर्बिणीत. त्यानं आम्हाला अँबी व्हॅलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका माळावर नेऊन उभं केलं. गवत पिवळं पडलेलं, बोचरा वारा, थर्मासमधला चहा, आणि मोबाईलला रेंज शून्य. अर्धा तास काहीच नाही. मी जांभई आवरत होते, तेवढ्यात ते आले.

आधी दोन, मग सात-आठ, मग मोजायचं सोडून दिलं. कबुतरापेक्षा लहान, लांब टोकदार पंख. नर राखाडी, पाय एकदम भगवे. हवेतल्या हवेत चतुर पकडायचे, पायात धरून उडता उडताच खायचे. थांबणं नाही, बसणं नाही. ड्राइव्ह-थ्रू म्हणतात ते हेच!

"अमूर ससाणे," मित्र कुजबुजला. "हे लोक सैबेरियातून आलेत. इथून आफ्रिकेला चाललेत."

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकून माझी झोप पूर्ण उडाली. अमूर ही रशिया आणि चीनच्या सीमेवरून वाहणारी नदी. तिच्या आसपास, म्हणजे आग्नेय सैबेरिया, ईशान्य चीन, मंगोलिया या भागात हे ससाणे उन्हाळ्यात पिल्लं वाढवतात. थंडीची चाहूल लागली की निघतात. ऑक्टोबरात नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंच्या संख्येनं उतरतात, किडे आणि उडती वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतात, मग भारतीय द्वीपकल्प आडवं कापून थेट अरबी समुद्रावर झेप. सोमालिया, केनिया करत दक्षिण आफ्रिका. एप्रिल-मेमध्ये पुन्हा उलटा प्रवास. वर्षाचा हिशेब वीस हजार किलोमीटरच्या वर जातो. आणि वजन? दीडशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या हातातला मोबाईल बहुधा याहून जड असेल.

हे सगळं कळलं कसं? नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवले. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचा त्यात पुढाकार होता. ससाण्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. वोखा तिथला जिल्हा, पांगती तिथलं गाव. ट्रान्समीटरनं दाखवलं की नागालँडहून निघालेला पक्षी सहा दिवसांच्या आत न थांबता सुमारे साडेपाच हजार किलोमीटर कापून आफ्रिकेचा किनारा गाठतो. दिवस-रात्र, खाली नुसता समुद्र!

(ट्रान्समीटरवरून आठवलं. २०१९ मध्ये रशियन अभ्यासकांनी स्टेप गरुडांवर एसेमेस पाठवणारे ट्रान्समीटर लावले होते. त्यातला मिन नावाचा एक गरुड उन्हाळाभर कझाकस्तानात नेटवर्कच्या बाहेर राहिला आणि मग थेट इराणमध्ये उगवला. साठलेले सगळे मेसेज रोमिंगमधून धडाधड सुटले, एकेक ४९ रुबलला! अभ्यासकांचं बजेट साफ. शेवटी लोकांकडून वर्गणी काढून गरुडाचा मोबाईल रिचार्ज करावा लागला. रोमिंगच्या बिलानं फक्त आपणच हैराण होतो असं नाही.)

बारक्या इतका वेळ गप्प होता. मग एकदम म्हणाला, "ताई, वारं उगवतीकडनं आहे. पाठीवर वारं घेऊन निघाल्यात बघ सगळी."

मित्रानं दुर्बीण खाली केली. "करेक्ट! नोव्हेंबरात वारा ईशान्येकडून वाहतो, त्याचाच धक्का मिळतो त्यांना. तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? आमच्याकडं रान असंच सांगतात. उगवतीचा बांध, मावळतीची विहीर. आज्जा तर घरात पण म्हणायचा, दक्षिणेकडचा तांब्या घे."

"मग पुण्यात काय होतं तुला?" मी विचारलं.

"पुण्यात कोण उगवत-मावळत सांगतंय? तिथं सांगतात, त्या कॅफेच्या अपोझिट."

आम्ही हसलो. पण घरी आल्यावर मी पक्ष्यांबद्दल वाचायला बसले आणि हसू हळूहळू ओसरलं. कारण बारक्याचा प्रॉब्लेम पक्षीशास्त्रात जुना आहे. दिशा कळणं वेगळं आणि रस्ता माहीत असणं वेगळं.

आधी दिशेचं बघू. पक्ष्यांना दिशा कशी कळते, याचे गाजलेले प्रयोग झाले ते लहान पक्ष्यांवर. साहजिक आहे, गरुडाला पिंजऱ्यात ठेवून त्याची परीक्षा कोण घेणार? १९५०च्या सुमारास जर्मनीत गुस्ताव क्रॅमरनं पिंजऱ्यातल्या स्टार्लिंगना (आपल्या साळुंकीचे युरोपातले चुलतभाऊ) आरसे लावून सूर्य भलत्याच बाजूला दाखवला. पक्ष्यांनीही दिशा तेवढीच बदलली. म्हणजे सूर्य आणि शरीरातलं घड्याळ, हे पहिलं होकायंत्र. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एम्लननं इंडिगो बंटिंग नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना तारांगणात नेलं. त्यांची पिल्लं म्हणे नक्षत्रं पाठ करत नाहीत, सगळं आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरतं ते हेरून ठेवतात. हे दुसरं. त्याच सुमारास फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्चकोनं दाखवलं की रॉबिनला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं. हे तिसरं. २०२१ मध्ये तर रॉबिनच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम-४ या प्रथिनावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, हेही प्रयोगशाळेत दिसलं. चुंबकत्व कदाचित डोळ्यांना 'दिसत' असेल, विचार करा!

शिवाय कुठल्या दिशेला जायचं, हेही बऱ्याच जातींत जन्मतःच ठरलेलं असतं. युरोपात ब्लॅककॅप नावाचा पक्षी आहे. त्यातले काही नैर्ऋत्येला जातात, काही आग्नेयेला. शास्त्रज्ञांनी दोघांचं लग्न लावून दिलं, तर पिल्लं निघाली बरोबर मधल्या दिशेला, दक्षिणेकडे! आईचंही मन राखलं, बाबांचंही.

आता रस्त्याचं. १९५०च्या दशकात डच शास्त्रज्ञ पर्डेक यांनी एक भारी प्रयोग केला. हेगजवळ पकडलेले अकरा हजारांवर स्टार्लिंग विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. हे पक्षी एरवी उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडकडे जाणारे. ज्यांनी तो प्रवास आधी केला होता, त्या मोठ्या पक्ष्यांनी ओळखलं, आपल्याला भलतीकडे आणलंय. त्यांनी दिशा बदलली आणि नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र जन्मतः मिळालेल्या दिशेनं सरळ उडत राहिली आणि भलतीचकडे, स्पेनमध्ये जाऊन पोचली. होकायंत्र एकदम ओके. नकाशा नाही.

मला लगेच कात्रजचा बसस्टॉप आठवला.

शिकारी पक्ष्यांत ही गोष्ट आणखी ठळक दिसते. स्वीडनमध्ये ऑस्प्रे (मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी) आणि मधुबाज यांच्यावर ट्रान्समीटर लावून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आडवा वारा आला की मोठे पक्षी तेवढा कोन बदलून आपली वाट धरून ठेवतात. पहिल्या वर्षाची पिल्लं वाऱ्याबरोबर वाहवत जातात. मधुबाजांत तर आईबाप ऑगस्टमध्येच आफ्रिकेला निघून जातात, पिल्लं मागाहून एकटी निघतात. अनुभवी पक्षी जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवरून जपून समुद्र ओलांडतात. पिल्लांना जिब्राल्टर कुणी सांगितलेलंच नसतं. ती सरळ दक्षिण धरतात आणि भूमध्य समुद्र येईल तिथे ओलांडतात.

जिब्राल्टरचं एवढं काय, असं वाटेल. तर गरुड, गिधाडं, मधुबाज ही मंडळी पंख मारत नाहीत, तरंगतात. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर चढतात, त्यांच्यावर स्वार होऊन उंच जायचं आणि पुढच्या झोतापर्यंत घसरत यायचं. फुकटातली लिफ्ट! पण समुद्रावर ही लिफ्ट जवळपास बंद असते. तिथे पंखच मारावे लागतात आणि एवढं अवजड धूड पंख मारून किती उडणार? म्हणून हे पक्षी जमिनीच्या कडेकडेनं जातात आणि समुद्र अरुंद असेल तिथे गर्दी करतात. जिब्राल्टर, इस्तंबूलजवळचा बास्फरस. जॉर्जियातल्या बाटुमीला तर डोंगर आणि काळा समुद्र यांच्यामधल्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. आपले अमूर ससाणे हलके, पंख मारत उडणारे, म्हणून त्यांनाच अरबी समुद्राची हिंमत होते.

मग काही जातींनी यावर उपाय काढलाय. सोबत! इटलीच्या दक्षिणेत जन्मणाऱ्या सर्पगरुडांची गंमत ऐका. आफ्रिका समोर आहे. सिसिलीहून ट्युनिशिया फक्त दीडशे किलोमीटर. पण हे पक्षी आधी उलटे वायव्येला जातात, फ्रान्समधून स्पेनमध्ये, मग जिब्राल्टर ओलांडून आफ्रिकेत. म्हणजे स्वारगेटहून कात्रजला जायला आधी शिवाजीनगर! एवढा मोठा वळसा रक्तातून मिळत नाही, तो पिल्लं मोठ्यांच्या मागून जाऊन शिकतात. ज्यांना निघायला उशीर होतो, पुढे कुणी दिसत नाही, ती सरळ दक्षिणेला सिसिलीत पोचतात. त्यातली काही समुद्र बघून तिथेच थबकतात आणि हिवाळा तिथेच काढतात.

आणि सोबत मिळाली नाही तर? बाल्कन देशांतल्या पांढऱ्या गिधाडांची गोष्ट वाचली आणि मी लॅपटॉप बंद केला. ही गिधाडं विषबाधा, विजेच्या तारा, शिकार अशा कारणांनी कमी होत गेली. आता त्या भागात त्यांच्या शंभर जोड्याही उरलेल्या नाहीत. त्यांचा शहाणा रस्ता म्हणजे तुर्कस्तानातून वळसा घालून, जमिनीवरूनच सुएझमार्गे आफ्रिका. अनुभवी गिधाडं तसंच जातात. पण मोठी गिधाडंच इतकी कमी उरलीत की बऱ्याच पिल्लांना मागे जायला कुणी दिसत नाही. मग ती रक्तातली दिशा धरतात, सरळ दक्षिण. समोर भूमध्य समुद्र. ट्रान्समीटर लावलेली अशी अनेक पिल्लं समुद्रात बुडून मेल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दिशा बरोबर होती हो त्यांची! दिशेत काहीच चूक नव्हती.

हे वाचल्यावर नागालँडच्या गोष्टीकडेही मी वेगळ्या नजरेनं बघितलं. २०१२च्या ऑक्टोबरात त्याच दोयांग जलाशयापाशी जाळी लावून अमूर ससाण्यांची हजारोंनी शिकार होत असल्याचं उघड झालं होतं. फोटो बघवत नव्हते. ज्या पांगती गावचे लोक त्यात होते, त्याच गावानं पुढच्या वर्षी शिकारीवर बंदी घातली आणि २०१३ मध्ये शिकार थांबली. म्हणून तर ससाण्याला गावाचं नाव मिळालं. अमूर ससाणे थव्यानं जातात. थव्यातला एखादा मोठा पक्षी मारला, तर नुसता दीडशे ग्रॅमचा जीव जात नाही, असं आता मला वाटतं. त्यानं पंखांखालून घातलेला अख्खा रस्ता त्याच्याबरोबर जातो.

त्या रात्री मी बारक्याला मेसेज टाकला. "रविवारी मोकळा आहेस? सकाळी सातला कात्रज. फोन स्विच ऑफ."

"कात्रज??" दोन प्रश्नचिन्हं आली.

"तिथूनच."

आम्ही कात्रजहून चालत निघालो. मी त्याला दुकानांची नावं सांगितली नाहीत, ती दर सहा महिन्यांनी बदलतात. डोंगर दाखवले. पाठीमागे कात्रजचा घाट म्हणजे दक्षिण. स्वारगेटकडे जाताना पर्वती डाव्या हाताला, म्हणजे मावळतीला. सिंहगडावरचा टॉवर दिसला की ती नैर्ऋत्य. सारसबाग, टिळक रोड, अलका चौक. मी पहिल्या वर्षी कुठे कुठे हरवले होते, तेही सांगितलं. लक्ष्मी रोडच्या गल्ल्यांत मी एकदा रडले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही (आता तुम्हा सगळ्यांना सांगितलं). डेक्कनला लकडी पुलावर थांबलो. खाली मुठा.

"हे पाणी कुठनं येतं?" बारक्यानं विचारलं.

"खडकवासल्याहून. तुझं कर्वेनगर नदीकाठीच आहे. इथून पाण्याच्या उलट्या अंगानं, हाच काठ धरून चालत राहिलास की तुझं घर येतं."

तो दोन मिनिटं नदीकडे बघत राहिला. मग वैतागून म्हणाला, "आयला ताई, हे जुलैमध्येच सांगायचं की!"

खरंय. जुलैमध्येच सांगायचं होतं. मावशीनं रस्ते दाखव म्हटलं होतं, मी पत्ता पाठवला होता. मोबाईल पोचवतो, प्रश्नच नाही. मी स्वतः रोज त्याच्याच भरवशावर फिरते. पण तो सांगतो पुढच्या दोनशे मीटरचं. आपण कुठं आहोत, हे कळायला तोच रस्ता आधी तुडवलेलं कुणीतरी एकदा शेजारून चालावं लागतं.

बारक्यानं नोकरी सोडली नाही. निदान अजून तरी! अधूनमधून हरवतो, पण आता हरवल्यावर घाबरत नाही, नदी कुठल्या अंगाला आहे ते विचारतो. लोक विचित्र बघतात म्हणे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या फ्लॅटवर नवीन पोरगा आला, लातूरचा. पहिलीच नोकरी. मी बारक्याला म्हटलं, "लोकेशन पाठवलंस ना त्याला?"

"नाही," बारक्या म्हणाला. "स्वारगेटला आणायला गेलो होतो. येताना चालत आलो."